त्रेसष्ट बेदाणे

निकुंभांच्या झेरॉक्सच्या दुकानावर माळा आहे,
अशोकस्तंभाकडून येताना डाव्या हाताला.
तिथे शनिवारी रात्री आठला
मी एक शहर मांडतो.

द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा उलटा केला की नकाशा.
निळ्या स्केचपेनने नदी, वरच्या अंगाला धरण.
धरणाची किल्ली एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवून तीन गट:
पाटकरी, ज्यांच्या हाती दरवाजे;
मिठाचे व्यापारी, ज्यांच्या हाती पाटकरी;
आणि काळे फेटेवाले,
ज्यांना दोघांचाही सूड घ्यायचाय.
आठ महिने लिहीत होतो.
कोण कुणाचा मेहुणा, कुणी कुणाच्या ताटात काय कालवलं,
कुठला सरदार दिवसा एकाचा, रात्री दुसऱ्याचा.
दोनशे पानी वही,
सेकंड शिफ्टच्या चहाच्या डागांसकट.

सैन्य म्हणून बेदाणे.
तेजल बोरस्ते पिंपळगावहून किलोभर आणते, घरचेच,
आणि नियम असा की मेलेला शिपाई
मारणाऱ्याने खायचा.
दिनार शेखने एकट्याने
मिठाच्या वखारीचा अख्खा पहारा खाल्लाय.

रेवण खैरनार लाचखाऊ पुजारी खेळतो.
तो आणि मी एकाच कंपनीत, सातपूरला,
दोन वेगळ्या युनियनांत.
कँटीनमध्ये आम्ही एकमेकांना ओळखत नाही.
इथे तो माझ्याकडे फासा मागतो.

काल किल्ली त्यांच्या हाती लागली.
मी तयारच होतो.
पाटकऱ्यांना दिली तर बंड, व्यापाऱ्यांना तर दुष्काळ,
फेटेवाल्यांना तर पूर,
तिन्हींची पानं लिहून, कोपरे दुमडून ठेवलेली.
"बोला," म्हणालो, "कुणाच्या बाजूने?"

तेजलने पुठ्ठ्यावर बोट ठेवलं,
नदीच्या वळणावर,
जिथे मी नुसत्या तिरक्या रेघा मारल्या होत्या.
"इथे कोण राहतं?"
खालची पेठ.
"किती घरं?"

वही चाळल्याचं नाटक केलं.
वहीत मिठाच्या मुकादमाच्या घोड्याचं नाव होतं.
हे नव्हतं.
"त्रेसष्ट," मी ठोकून दिलं.

तिने मोजून त्रेसष्ट बेदाणे मांडले.
मग कुणी गटांचं नावच काढेना.
होड्या किती? म्हातारं कोण कोण?
त्या कोपऱ्यातल्या घरात कुत्रा आहे का?
रेवण म्हणाला, पुजारी टेकडीवरच्या देवळाचं दार उघडतो.
"फुकट?"
"फुकट."
आठ महिन्यांत पहिल्यांदा.

आणि किल्ली?
"ठेव तिथेच पायरीवर,
ज्याला हवी त्याने उचलावी."

नकाशाच्या कोपऱ्यात तिन्ही गट
एकमेकांच्या नरडीला लागले होते
आणि बघायला कुणी नव्हतं.
आठ महिने पाण्यात.
राग आला, खोटं कशाला बोलू.
मी धरण सोडलं.

"कुठवर आलंय?" दिनारने विचारलं.
"मारुतीच्या कमरेला."
माझ्या राज्यात मारुती नाही.
पण चौघांनाही कळलं किती ते.

वीस बाजूंचा फासा रेवणने टाकला.
बारा हवे होते. सात पडले.
बावन्न घरं टेकडीवर, अकरा खाली,
आणि खाली निकुंभकाका शटर वाजवू लागले,
पावणेदोन झालेत, झोपायचंय का नाही.

उरलेले बेदाणे काल कुणी तोंडात टाकले नाहीत.
तेजलने दोन पिशव्या केल्या,
एकीत बावन्न, एकीत अकरा.
"नीट ने," म्हणाली.

रेवण गाडीवर बसून हेल्मेट पुसत राहिला.
"सोमवारी गेट मीटिंग आहे तुमची?"
"हो."
"आमचीही."
अजून काही म्हणणार होता, पण किक बसली.

सकाळी ओट्यावर दोन्ही पिशव्या,
कढईत रवा,
आईचा हात लहान पिशवीच्या गाठीवर.
"शिऱ्यात घालू का गं—का रे हे?"
माझ्या बहिणीची सवय अजून जात नाही तिच्या जिभेवरून.
"थांब," मी म्हणालो,
"पाणी अजून चढतंय."